स्ट्रॉबेरीचं माहेर

आबांकडे स्ट्रॉबेरीचं रोप मागायला गेलेल्याला रोप मिळत नसे, आबांच्या भेटीची वेळ मिळत असे. त्या वेळेला आबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून मागणाऱ्याच्या घरी जात आणि घर बघत. नळाला पाणी कधी येतं, गच्चीवर पत्रे आहेत की स्लॅब, उत्तरेकडच्या भिंतीला सावली किती वेळ असते, दिवाळीला घर बंद करून गावाला जाता का, असं सगळं विचारून होई. घरात सासूबाई असल्या तर त्यांच्याशी वेगळं बोलणं होई, कारण गवत समजून रोपं उपटणाऱ्या सासवा आबांनी पाहिल्या होत्या. मग चहा घेऊन उठताना ते म्हणत, "कळवतो." अहो, माझं लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी इतकं पाहिलं नव्हतं. नोकरी कायम आहे ना, एवढं विचारलं आणि पेढे वाटले.

कुणी हसलंच तर आबा गंभीरपणे सांगत, "मी रोप देत नाही, लेक देतो." आणि हे ते गंमत म्हणून म्हणत नसत, हीच तर गंमत होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्राध्यापक राहायचे. त्यांना आबांनी नकार कळवला. प्राध्यापकांची बाल्कनी पश्चिमेला होती आणि त्यात आबांच्या चौकशीत असं निघालं की त्यांच्याकडची तुळसही दरवर्षी नवी आणावी लागते. प्राध्यापकांना राग आला. त्यांनी कुठल्याशा नर्सरीतून चार रोपं परस्पर आणली आणि मुद्दाम रस्त्यावरून दिसतील अशी मांडली. आबा रोज संध्याकाळी आमच्या देवपुरातून पांझरा नदीच्या पुलापर्यंत फिरायला जात, तेव्हा त्या बाल्कनीकडे न बघता पुढे जात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पळून जाऊन केलेली लग्नं ती. आपण काय बोलायचं?"

आम्ही आबांचे भाडेकरू. खाली आबा आणि नानी, वर आम्ही. मिस्टर बँकेत, मी शाळेत. वरच्या गॅलरीतून आबांचं अंगण अख्खं दिसायचं आणि मी काही डोळे मिटून घेणाऱ्यांपैकी नाही. शिवाय मी शिंदखेड्याची. आमच्याकडे शेजारच्या घरात काय चाललंय हे माहीत नसेल तर लोक तब्येतीची चौकशी करतात.

आबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सगळी नोकरी कालव्यावर गेली. कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, हे ठरवणारे ते. भर उन्हाळ्यात माणसं त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची आणि आबा म्हणायचे, "बघू." नोकरी सुटली, पण हा शब्द काही सुटला नाही. भाजीवाल्याने भाव सांगितला तरी बघू, मुलाने पुण्याहून या म्हटलं तरी बघू, आमच्या मोरीचा पाइप गळतो म्हटलं तरी बघू. तो पाइप आम्ही जागा सोडेपर्यंत गळत होता.

रिटायर झाल्यावर पेन्शनर मंडळींबरोबर ते महाबळेश्वरला जाऊन आले. नानी गेल्या नव्हत्या, कारण घर कोण बघणार? परत येताना आबांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्ट्रॉबेरीची रोपं आणली. धुळ्यात! जिथे मे महिन्यात दुपारी नळाची चावी हाताला चटका देते, तिथे हे थंड हवेचं पोर जगवायचं. पेन्शनर मंडळी हसली, मुलगा फोनवर हसला, आमचे मिस्टर तर तोंडावर हसले. आबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, की कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचवलेला माणूस आहे मी.

पहिल्या वर्षी ते सपशेल आपटले. आबा मूळचे चोपड्याकडचे, केळीच्या मुलखातले. केळीच्या खोडाशी पिलं फुटतात, ती वेळच्या वेळी कापली नाहीत तर आईचा घड भरत नाही, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं. स्ट्रॉबेरीला फळं लागली, तशा झाडातून लांब हिरव्या दोऱ्या निघाल्या आणि दोरीच्या टोकाला इवलं इवलं रोप दिसायला लागलं. आबांनी ओळखलं, ही पिलं. विळा घेऊन रोज सकाळी हजेरी घेतल्यासारखी सगळी उडवली. फळं आली चांगली, गल्लीत वाटली, मिरवलीही. मग एप्रिलात आईझाडं एकामागून एक माना टाकत गेली, आणि मागे ठेवायला घरात पिलू एकही नव्हतं. चोपड्याचा माणूस म्हणून आबांनी जे अगदी बरोबर केलं होतं, त्यानेच वंश बुडाला.

दुसऱ्या वर्षी आबांनी पुन्हा रोपं मागवली आणि या वेळी एकही दोरी कापली नाही. सगळं अंगण दोऱ्यांनी भरलं आणि फळं लागली तर ती बोराएवढी. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांना मेख कळली. फळं चालू असताना दोऱ्या काढायच्या, फळं संपली की येऊ द्यायच्या, त्यातही आईच्या सगळ्यात जवळचं जे रोपटं तेच धरायचं, कारण ते धट्टंकट्टं असतं. शेजारी मातीची छोटी कुंडी ठेवायची, रोपटं तिच्यात टेकवायचं, दोरी तशीच आईला जोडलेली राहू द्यायची. त्याला स्वतःची मुळं फुटली, हलकेच ओढून पाहिलं आणि ते जागचं हललं नाही, की मगच दोरी कापायची. आणि लावताना रोपाचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. केळीचा कंद पुरतात तसं पुरलं की सडतं. हेही आबा एकदा पुरून शिकले होते.

ते रोपटं मातीला टेकून राहावं म्हणून त्यावर वाकडी तार खोचतात. आबांनी तार शोधण्याचा त्रास घेतला नाही. नानींच्या अंबाड्याचे आकडे घेतले. नानी आरशासमोर उभ्या राहिल्या की एकेक आकडा गायब असायचा, आणि अंगणात प्रत्येक कुंडीत एकेक काळा आकडा चमकत असायचा. शेवटी त्या अंबाड्याला पेन्सिल खोचायला लागल्या. आबांना वाटलं ही नवी फॅशन.

आबा-नानींना मुलगा एक, तो पुण्याला. मुलगी नव्हती. म्हणून असेल, किंवा रिकामं डोकं म्हणून असेल, रोपांची भाषा आबांनी लेकीची केली. दिवाळीनंतर ज्यांची घरं पसंत पडली त्यांच्याकडे रोपं जायची. कुंडी दारात आणून ठेवायची, नानींनी तिला हळदकुंकू लावायचं, मग घेऊन जाणाऱ्याने पाण्याचा शब्द द्यायचा. पलीकडच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा इकडेतिकडे बघत राहिल्या, त्यांना वाटलं आणखी काही कार्यक्रम आहे. पुढे पुढे मात्र लोकांना त्यातच मजा वाटायला लागली. "आमच्या सुनेला फुलं आली हो आबा," असे फोन यायचे. आबा सांगायचे, पहिली फुलं खुडा, अजून वय लहान आहे.

फळांच्या चवीबद्दल मी काही बोलणार नाही. मी आबांची भाडेकरू होते. नानी मात्र बोलायच्या. एक तोंडात टाकून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, यापेक्षा चिंच बरी, ती निदान सांगून आंबट असते.

आता मुख्य अट. दिलेली लेक आखाजीला माहेरी आलीच पाहिजे. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. त्या सणाला सासरी गेलेल्या मुलींनी माहेरी यायचं, कडुनिंबाला झोके बांधायचे, सांजोऱ्या खायच्या, उन्हाचे चार दिवस आईच्या घरात लोळून काढायचे. मुलीला आणायला माहेरचं कोणी तरी जातं, बहुतेक भाऊच. त्याला मुराळी म्हणतात. आबांनी ठरवलं की स्ट्रॉबेरीलाही हाच नेम. लोकांच्या गच्चीत ती उन्हाळ्यात जगायची नाही, पण आबांच्या स्वयंपाकघरामागे उत्तरेच्या भिंतीला एक पट्टा होता, तिथे ऊन पोचत नसे. वर हिरवी जाळी, भोवती ओली पोती. लेकींनी पाऊस पडेपर्यंत तिथे राहायचं. आखाजीच्या दिवशी आबा स्वतः मुराळी व्हायचे. स्कूटरवर पुढे दुधाचं क्रेट, क्रेटवर ओलं फडकं, डोक्याला पांढरा रुमाल. दारोदार जाऊन ते लेकी घेऊन यायचे आणि प्रत्येक घरी चहा घ्यायचे, कारण मुराळ्याला नाही म्हणता येत नाही.

खरं सांगायचं तर ऊन काही आखाजीची वाट बघत नाही. होळी झाली की धुळं तापायला लागतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा मार्चअखेरीलाच फोन केला, की पानं करपतायत, आजच घेऊन जा. आबा म्हणाले, आखाजीआधी लेक माहेरी आणली तर लोक काय म्हणतील? भांडून आली म्हणतील. डॉक्टरीणबाईंना वाटलं चेष्टा. आबा खरंच गेले नाहीत. आखाजीला गेले तेव्हा कुंडीत काडी होती. असे बळी दरवर्षी दोनचार पडायचे, पण नेम मोडला नाही.

माहेरपण करणारं कोण, तर नानी. आबांकडे देखरेख. ते खुर्ची टाकून बसायचे आणि कोणत्या कुंडीची पाळी झाली, कोणती राहिली ते सांगायचे. नानी वाकून झारीने पाणी द्यायच्या, पोती भिजवायच्या, दुपारी पुन्हा भिजवायच्या. संध्याकाळी खारी हाकलायच्या. मी वरून म्हणायची, "नानी, बसा की जरा." त्या म्हणायच्या, पाहुण्या आल्यात ना घरी.

नानींचं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यातलं. इथून एसटीने निघावं तर जेवणाआधी पोचावं, इतकं जवळ. आईवडील कधीचेच गेलेले. एक मोठा भाऊ होता, त्याला बायको राहिली नव्हती, मुलगा सुरतेला कारखान्यात, म्हातारा एकटाच घर धरून बसलेला. हा भाऊ नानींच्या लग्नानंतर दरवर्षी न चुकता आखाजीआधी मुराळी म्हणून दारात उभा राहायचा. धोतर, टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा. आणि दरवर्षी चहा पिऊन एकटाच परत जायचा. नोकरी होती तेव्हा आबांचं कालव्याचं उन्हाळी पाणी चालू असायचं, घरी अंमलदार लोक जेवायला यायचे. मग मुलाच्या परीक्षा. मग आबांचं बीपी. आणि आता, कपाळाला हात लावा, स्ट्रॉबेरी. रोपं माहेरी आलेली असताना घरात बाई नको? म्हणजे लोकांच्या घरच्या कुंड्या माहेरी याव्यात म्हणून नानींनी माहेरी जायचं नाही. हे आबा इतक्या सरळ चेहऱ्याने सांगत की भाऊसुद्धा मान डोलवायचा. तो डबा ठेवून जायचा. रिकामा डबा पुढच्या वर्षी घेऊन जायचा.

मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी नानी जिन्यात बसून सांजोरी खात होत्या. माझाही भाऊ मला न्यायला येणार होता, बॅग भरलेली होती, आणि मला उगाच शरम वाटली. मी म्हटलं, नानी, तुम्ही आबांना स्पष्ट का सांगत नाही? त्या अंगणातल्या जाळीकडे बघत म्हणाल्या, "माले कव्हय धाडं नही. पन पाय, रोपेस्ले लई येतस." मला कधी पाठवलं नाही, रोपांना मात्र घेऊन येतात, असं. रागाने नाही हं. पाऊस आला नाही म्हणावं तसं म्हणाल्या.

आम्ही तिथे राहिलो त्या शेवटच्या वर्षी संक्रांतीला भावाचा फोन आला. पडला होता, कमरेने उठवत नव्हतं. या आखाजीला न्यायला येणं जमायचं नाही, तूच ये, असं तो बहिणीला म्हणाला. एक शेजारीण भाकरी आणून द्यायची, बाकी देवाच्या हवाली. नानींनी फोन ठेवला आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलल्या, की या आखाजीला मी जाणार. आबा वर्तमानपत्रातून म्हणाले, "बघू."

त्या "बघू"वर दोन आठवडे गेले. मग एका रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, खाली आबा एका नव्या माणसाला रोप का देता येत नाही हे समजावत होते. त्या गृहस्थाच्या घरी सगळं ठीक होतं, पाणी होतं, सावली होती, फक्त तो आखाजीला रोप परत पाठवण्याचा शब्द देईना. आबा म्हणत होते, ज्या घरातून लेक माहेरी येऊ शकत नाही, त्या घरात लेक द्यायची नाही. माणूस गेला. माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली आणि माझी जीभ सुटली.

मी वरूनच म्हटलं, "आबा, हे नियम त्या काळी नानींच्या वडिलांनी लावले असते, तर तुम्हाला मुलगी मिळाली असती का हो?"

मिस्टर आतून बाहेर आले आणि माझ्याकडे असं बघायला लागले, की आता दुसरी जागा शोधावी लागणार. आबांनी खुर्ची उचलली, घडी केली, भिंतीला टेकवली आणि आत गेले. तीन दिवस ते जिन्याच्या बाजूलाच फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली आणि घसा साफ करून, हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलं, "नानी आखाजीला जातील. महिनाभर राहतील. मी बघतो इथलं."

मग जी काय तयारी! आबा चहा शिकायला बसले. साखर आधी की पत्ती आधी, यावर त्यांनी नानींना इतके प्रश्न विचारले की नानी म्हणाल्या, कालवा खोदायला निघालेत जणू. खिचडीला त्यांनी तीन वेळा पाणी मोजलं आणि तीन वेळा लापशी केली. नानींच्या हातची झारी घेऊन ते रोज तालीम करायचे, आणि कमरेत लचक भरली तरी कबूल करायचे नाहीत. नानींनी ट्रंक काढली. निळ्या काठाची साडी कितीतरी वर्षं तशीच होती, ती उन्हाला टाकली. भावासाठी बंडी शिवून आणली. रात्री जेवताना त्या आम्हाला त्यांच्या गावातल्या निंबाचं सांगायच्या, त्याला झोका कुठल्या फांदीला बांधायचे ते सांगायच्या. तो निंब अजून आहे की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण आम्ही कोणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी नानींना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बाई, तुझ्या जिभेने एक तरी पुण्याचं काम केलं.

होळीच्या सुमाराला शेजारणीचा फोन आला. भावाला ताप होता, खाणं सुटलं होतं, बहिणीचं नाव घेत होता. नानी उभ्याउभ्या म्हणाल्या की मी आजच जाते. पिशवी त्यांनी हातात घेतलीही होती.

आबा त्यांच्यापुढे आले. त्यांचं मन खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. दार अडवणारा माणूस नव्हता तो त्या दिवशी, समजूत घालणारा होता. म्हणाले, "अगं, आखाजी आलीच की आता. महिनाभर राहायचंय तुला, तेव्हा नीट जा, साडीचोळी घेऊन जा. मधेच अशी धावत गेलीस तर गाव काय म्हणेल? भांडून आली म्हणेल. ताप आहे, उतरेल." मुलालाही फोन केला, त्याने सुरतेला मामेभावाला गाठलं, तो म्हणाला मी जातोय बघायला. सगळ्यांनी मिळून नानींना पटवलं. मीही म्हटलं, नानी, थोडे दिवस राहिलेत. मीसुद्धा. नानींनी पिशवी खुंटीला परत लावली.

भाऊ आखाजीपर्यंत थांबला नाही. गाडी करून आबा-नानी गेले तेव्हा त्याच्या अंगणात माणसं जमलेली होती. दिवसकार्य झालं, सुरतेच्या भाच्याने घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीकडे ठेवली आणि तो कामावर गेला. नानी परत आल्या. त्या रडल्या असतील तिकडे, इथे आम्ही त्यांना रडताना पाहिलं नाही. बंडी त्यांनी शेजारणीला देऊन टाकली होती.

त्यानंतर आबा चहा स्वतः करायचे, नानींना नेऊन द्यायचे, आणि नानी तो घ्यायच्या. त्यात काही साखर चुकत नव्हती आता. आबा बागेत फारसे जाईनात. आईझाडांना पाणी मीच वरून पाइपने सोडायची. एकदा ते माझ्याजवळ आले, जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं त्या दिवशीचं बोलणं काढतील. ते म्हणाले, "मी तिला होळीलाच पाठवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, आबा, मीही तेच म्हटलं होतं, थांबा म्हणून. ते म्हणाले, तू नाही थांबवलंस, मी थांबवलं.

आखाजी आली. आमची जळगावला बदली झाली होती, शाळा सुटल्यावर सामान हलवायचं होतं, म्हणून देवपुरातली ती आमची शेवटची आखाजी. माझा भाऊ सकाळीच शिंदखेड्याहून मला न्यायला आला होता आणि गॅलरीत चहा पीत होता. खाली डॉक्टरीणबाईंचे आणि आणखी कोणाकोणाचे फोन येऊन गेले होते, आबा कधी येताय, लेक वाट बघतेय. आबांनी सगळ्यांना सांगितलं होतं की यंदापासून बंद. ज्याचं त्याने सांभाळा. स्कूटरवर धूळ होती. क्रेट उलटं पडलेलं होतं.

आबा ओट्यावर बसले होते. नानी आतून आल्या. त्यांनी निळ्या काठाची साडी नेसली होती. आबाही बघतच राहिले. ते एकदम उभे राहून म्हणाले, गाडी बोलावतो, चल, जाऊन येऊ, घर उघडून घेऊ, तू राहा तिथे पाहिजे तितके दिवस, मी पण येतो. कधी नव्हे ते भराभर बोलत होते. नानींनी त्यांना बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "आते कोनाघर जाऊ?"

आबा खाली बसले. मी सांगते, असला ताठ माणूस, सगळा तालुका ज्याच्यापुढे हात जोडून उभा राहायचा, त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. माझा भाऊ कप हातात धरून आत निघून गेला. मला हुंदका आला तो मी आवरला नाही.

नानींनी पदराने स्कूटरची सीट पुसली. उलटं पडलेलं क्रेट सरळ केलं, त्यावर फडकं अंथरलं आणि मोरीतून पाणी आणून ते भिजवलं. आबा म्हणाले, राहू दे ते, मी बंद केलंय सगळं. नानी म्हणाल्या, "लई येऊत त्येस्ले. त्येस्नं माहेर शे अजून."

आबा उठले. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, चावी शोधली, स्कूटरला चारदा किक मारली. नानींनी घराला कुलूप लावलं, क्रेट मांडीवर घेतलं आणि मागे बसल्या. डॉक्टरीणबाईंचं घर आधी घ्या, तिथे ऊन लवकर येतं, असं सांगताना मी त्यांना ऐकलं.